हिंगोलीची माणसं कुठं मोजली जाणार?

(हिंगोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला होता ‘तरुण आणि स्थलांतर’. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, समाजशास्त्रज्ञ नाही. त्यामुळे भावना बाजूला ठेवून आधी आकडे मांडतो. आकड्यांतून काय दिसतं ते बघू, मग आपल्या मोहल्ल्याकडं वळू.

सुरुवात लांबून करतो. दक्षिण अमेरिकेत उरुग्वे नावाचा देश आहे. फुटबॉल बघणाऱ्या पोरांना सुआरेझमुळे तो माहीत आहे, बाकीच्यांना बहुधा नाही. २०११ साली, म्हणजे आपली जनगणना झाली त्याच वर्षी, तिथंही जनगणना झाली. लोकसंख्या भरली ३२ लाख ८६ हजार. आता शेजारच्या नांदेड जिल्ह्याचा २०११ चा आकडा बघा : ३३ लाख ६१ हजार. म्हणजे तो अख्खा देश आपल्या नांदेड जिल्ह्यापेक्षा थोडा लहान. जमीन मात्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. इतक्या मोकळ्या देशात माणसं पसरून राहत असतील असं आपल्याला वाटेल. तसं नाही. राजधानी माँटेव्हिडिओत १३ लाख लोक, म्हणजे शंभरातले चाळीस. राजधानीचा पसारा सोडला तर त्यानंतरचं मोठं शहर साल्टो. त्याची लोकसंख्या १ लाख ४ हजार. पहिलं शहर दुसऱ्याच्या साडेबारा पट!

आपला हिंगोली जिल्हा २०११ मध्ये ११ लाख ७७ हजारांचा होता. माँटेव्हिडिओ शहराहून थोडा कमी. आणि हिंगोली शहर ८५,१०३ चं, साल्टोहून थोडं कमी. म्हणजे त्या देशातलं दुसऱ्या नंबरचं शहर हिंगोलीपेक्षा थोडंच मोठं आहे. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

या विषयात दोन माणसांची नावं नेहमी येतात. १९३९ मध्ये मार्क जेफरसन या अमेरिकन भूगोलतज्ज्ञानं लिहिलं की पुष्कळ देशांत एक शहर बाकीच्यांच्या मानानं अवाढव्य वाढतं, आणि एकदा वाढलं की सगळं तिकडंच ओढलं जातं. दुसरा जॉर्ज झिफ. त्याचा ठोकताळा असा : दुसरं शहर पहिल्याच्या निम्मं असतं, तिसरं एक तृतीयांश, चौथं एक चतुर्थांश. हा काही निसर्गनियम नाही, पण पट्टी म्हणून उपयोगी आहे. ही पट्टी महाराष्ट्राला लावू. २०११ मध्ये मुंबईचा सलग शहरी पट्टा, म्हणजे ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई धरून, १ कोटी ८४ लाखांचा. पुण्याचा साडेपन्नास लाखांचा. नागपूर २५ लाख, नाशिक साडेपंधरा, औरंगाबाद १२ लाखांच्या आत. झिफच्या पट्टीनं पुणे ९२ लाखांचं हवं होतं. मुंबई पुण्याच्या साडेतीन पटींहून जास्त निघाली. राज्यात शहरात राहणारी माणसं ५ कोटी ८ लाख, आणि त्यांतली निम्म्याहून थोडी जास्त फक्त मुंबई, पुणे, नागपूर या तीन पट्ट्यांत.

आता तीच पट्टी आपल्या जिल्ह्याला लावा. २०११ मध्ये जिल्ह्यात शहरं तीनच होती. हिंगोली ८५,१०३, वसमत ६८,८४६, कळमनुरी २४,८३९. बेरीज पावणेदोन लाखांच्या थोडी वर, जिल्ह्याच्या १५ टक्के. सेनगाव आणि औंढा तेव्हा ग्रामपंचायती होत्या, नंतर नगरपंचायती झाल्या. म्हणजे पुढच्या जनगणनेत आपली शहरी टक्केवारी वाढलेली दिसेल, तेव्हा लगेच पेढे वाटू नका. गावाची पाटी बदलली की आकडा बदलतो, गटारी बदलतातच असं नाही.

गंमत अशी की हिंगोली आणि वसमत यांत फार फरक नाही. जिल्ह्याचं ठिकाण असून हिंगोली वसमतच्या फक्त सव्वा पट. त्याचं कारण पाणी आहे. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं झाली, कालवे वसमतकडं गेले. ऊस आला, पूर्णा साखर कारखाना आला, हळद आली. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. माणूस जिथं पोट भरतं तिथं थांबतो. सेनगावच्या माळरानावर, जिथं सोयाबीनचं एक पीक पावसाच्या भरवशावर निघतं, तिथला माणूस थांबत नाही. वसमतचा पोरगा पुण्याला जातो तो पगारासाठी. सेनगावचा जातो तो दिवाळीनंतर घरात काही उरत नाही म्हणून. दोघांना आपण एकच शब्द वापरतो, स्थलांतर.

उरुग्वेत एवढी माणसं एका शहरात का साठली, तेही सांगतो, कारण आपल्याशी तुलना करायला ते लागणार आहे. तिथं बहुतेक जमीन मोठमोठ्या गुरांच्या चराऊ रानांत गेली. हजारो गुरं सांभाळायला मूठभर माणसं पुरतात. त्यामुळे आपल्यासारखी दाट गावं तिथं वसलीच नाहीत. मांस, कातडं आणि लोकर जहाजानं युरोपात जायची, बंदर माँटेव्हिडिओचं. ब्रिटिश भांडवलावर रेल्वे आली, तिचे फाटे हाताच्या बोटांसारखे त्या एका बंदरातून देशभर गेले. इटली आणि स्पेनहून आलेली माणसं बंदरावर उतरली आणि पुष्कळशी तिथंच राहिली. बाकीच्या देशाला तिथले लोक आजही ‘इंतेरिओर’ म्हणतात, म्हणजे आतला मुलूख. पुण्यात मला कुणी विचारतं, ‘तुम्ही कुठले?’ मी हिंगोली म्हणतो. मग उत्तर येतं, ‘हां, तिकडे मराठवाडा साइडला.’ तेच ते इंतेरिओर.

रेल्वेचा मुद्दा आपल्याकडं जास्त बोलका आहे. निझामाच्या काळात १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाइन झाली, मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत. पूर्ण्याहून तिचा फाटा हिंगोलीला आला आणि इथं संपला. त्याआधीपासून इथं हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, कापसाची पेठ होती. आपल्या आजोबा-पणजोबांचं मोठं शहर हैदराबाद होतं. कोर्ट तिकडं, कॉलेज तिकडं, लग्नाचे कपडे तिकडून. आजही इथल्या कितीतरी घरांचे सोयरे तिकडं आहेत. मग १९४८ साल आलं, १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला. फाटा पुढं अकोला-खंडव्याला जोडला गेला, २००८ मध्ये पूर्णा-अकोला ब्रॉडगेज झाला. आणि २०२४ पासून मुंबई-जालना जनशताब्दी हिंगोलीपर्यंत यायला लागली. शंभर वर्षांपूर्वी रूळ इथं संपायचे, पण दुसऱ्या टोकाला हैदराबाद होतं. आज जनशताब्दी इथं संपते आणि दुसऱ्या टोकाला मुंबई आहे. आपण तेच राहिलो, गाडीचं शेवटचं स्टेशन.

यात मुसलमान कुठं बसतो? हा खरा आजचा विषय.

२००१ च्या जनगणनेनुसार देशातले सुमारे ३६ टक्के मुसलमान शहरात राहत होते, तर एकूण लोकसंख्येत हे प्रमाण २८ टक्के होतं. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात हे मांडलेलं आहे. महाराष्ट्रात तर फरक फार मोठा आहे : राज्याची निम्म्याहून कमी लोकसंख्या शहरी, पण मुसलमानांतले सुमारे ७० टक्के लोक शहरात. शहरात राहतो म्हणजे पुढारलेला, असा अर्थ काढून काही लोक आपल्याकडं बोट दाखवतात. आणि आपल्यातलेही काही जण अभिमानानं सांगतात की आपण मुळातच शहरी, तहजीबवाले. दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत.

आपल्या तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात जुने मुसलमान कोण होते, आठवून बघा. मुलाणी, पिंजारी, आत्तार, मणियार, तांबोळी, बागवान, शिकलगार, फकीर. गावगाड्यातली माणसं. बहुतेकांकडं जमीन नव्हती किंवा नावापुरती होती. पिंजारी कापूस पिंजायचा, गादी भरायचा. गादी कारखान्यातून यायला लागली, पिंजारी संपला. मणियाराच्या बांगड्या तालुक्याच्या दुकानात गेल्या. शिकलगारानं धार लावायची ती हत्यारंच राहिली नाहीत. शेतकऱ्याचा धंदा बुडाला तरी जमीन त्याला धरून ठेवते, निदान सातबारा धरून ठेवतो. कारागिराला धरून ठेवायला काही नसतं. तो उठतो आणि तालुक्याला येतो, हातगाडी लावतो, गॅरेजमध्ये बसतो, वेल्डिंग शिकतो. त्यात भीतीची भर पडली. १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर मराठवाड्यात जे झालं, त्यात खेड्यात एकटंदुकटं घर असलेली पुष्कळ कुटुंबं मोठ्या वस्तीच्या आसऱ्याला आली. ही गोष्ट घराघरांत माहीत आहे, फक्त मोठ्यानं बोलली जात नाही. आणि २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर जनावरांच्या बाजारावर जगणाऱ्या कुरेशी घरांचं काय झालं, ते इथं बसलेल्यांना मी सांगायला नको.

म्हणजे आपलं शहरीपण ही पुष्कळ वेळा खेड्यात उपजीविका न उरल्याची खूण आहे.

आणि शहरात आल्यावरही आपण शहरभर पसरत नाही. मुंब्रा हे सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून माणसं तिकडं गेली आणि एका लहान गावाची काही लाखांची वस्ती झाली. जेफरसन देशातल्या एका शहराबद्दल बोलत होता. आपण तर त्या एका शहरातल्या एका कोपऱ्यात साठतो. पुण्यात नोकरी लागल्यावर मी घर शोधत होतो. एका घरमालकांनी फोनवर सगळं ठरवलं, भाडं, डिपॉझिट, पार्किंग. नाव सांगितल्यावर म्हणाले, ‘सोसायटीत चालत नाही हो, माझं काही नाही.’ हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही, दलित मित्रांचाही आहे, आणि मी त्याचं रडगाणं गाणार नाही. पण त्याचा हिशेब बघा. ऑफिस शहराच्या एका टोकाला आणि खोली मिळते दुसऱ्या टोकाला. रोज येण्याजाण्यात दोन-अडीच तास. तो वेळ आणि पेट्रोल हा आपल्या नावावर लागलेला कर आहे. शहर मोठं झालं की हा कर वाढतो.

आता मोहल्ल्याची दुसरी बाजू. एकत्र राहिलं की सुरक्षित वाटतं, मशीद जवळ, मटणाचं दुकान जवळ, अडीनडीला माणूस जवळ. हे खरं आहे आणि त्याला हसण्यात अर्थ नाही. पण त्याच दाटीत मुलीच्या येण्याजाण्यावर दहा खिडक्यांतून नजर असते. खेड्यातून शहरात आलो म्हणजे बाईला मोकळीक मिळाली, असं आपोआप होत नाही. हिंगोलीतली मुलगी बारावीला ८५ टक्के मिळवते आणि पुण्याला जात नाही. भाऊ साठ टक्क्यांवर जातो. घरात विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘इतक्या लांब एकटी कशी पाठवायची?’ म्हणजे चांगल्या शिक्षणसंस्था दोन-तीन शहरांत साठल्या की त्याचा पहिला फटका मुलींना बसतो. मुलगा अंतर कापतो. मुलीसाठी तेच अंतर भिंत होतं. ही भिंत अर्धी सरकारनं बांधली आहे आणि अर्धी आपण. सरकारच्या अर्ध्यावर आपण मोर्चे काढतो. आपल्या अर्ध्यावर बोलणारी माणसं अजून थोडी आहेत, म्हणून ही चळवळ आहे.

उरुग्वेनं यावर काय केलं, यात मला रस आहे. एक लक्षात घ्या, तो गरीब देश नाही. दक्षिण अमेरिकेत दरडोई उत्पन्नात तो वरच्या रांगेत आहे. म्हणजे चाळीस टक्के लोक एका शहरात असले की देश बुडतो, असं काही नाही. एका जागी माणसं, भांडवल, बंदर, विद्यापीठ असल्याचा फायदाही असतो. टीसीएसनं २००२ मध्ये माँटेव्हिडिओत केंद्र काढलं. आपली कंपनी दक्षिण अमेरिकेत गेली तीही पहिल्या शहरातच गेली, साल्टोत नाही. मी कंपनीत असतो तर मीही तेच केलं असतं. पण तिथल्या सरकारनं आतल्या मुलखाला नशिबावर सोडलं नाही. २००७ मध्ये ‘प्लान सेइबाल’ सुरू झाला. दोन-तीन वर्षांत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप आणि शाळेला इंटरनेट, आणि सुरुवात राजधानीत न करता आतल्या भागातल्या एका लहान गावापासून केली. २०१२ च्या अखेरीस कायदा करून एक तंत्रविज्ञान विद्यापीठ काढलं, आणि त्याचा रोख मुद्दाम राजधानीबाहेरच्या भागावर ठेवला. लॅपटॉप वाटल्यानं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. यंत्र बिघडतं, शिक्षकाला शिकवावं लागतं, हे माझ्या धंद्यातलं रोजचं दुखणं आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. लांबच्याला आधी.

आपल्याकडं अहवालांची कमी नाही. १९८० च्या दशकात दांडेकर समितीनं विभागवार अनुशेष मोजला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. तेव्हा सगळे करोनात होते, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तरी सगळं अंधारलेलं नाही. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात हिंगोली आहे. औंढ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे, केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२३ मध्ये तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली. दूरच्या आकाशात कृष्णविवरं आदळली की येणारी अतिसूक्ष्म कंपनं ती टिपणार. त्यासाठी जमीन शांत हवी, जवळ मोठं शहर, मोठी वर्दळ नको. आयुष्यात पहिल्यांदा आपल्याकडं मोठं शहर नसणं ही गुणवत्ता ठरली! आमच्या घरी हे सांगितल्यावर अम्मी म्हणाल्या, ‘म्हणजे इथं काही होत नाही हे आता सरकारनंच लिहून दिलं.’

मेडिकल कॉलेजबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आता बाहेरून पोरंपोरी हिंगोलीत येणार. लातूरची, अमरावतीची, मुंबईची. त्यांना खोल्या लागतील, खानावळी लागतील. आजवर आपण खोली मागणारे होतो, आता देणारे होऊ. आपल्या मोहल्ल्यातला घरमालक बौद्ध मुलाला खोली देईल का? नर्सिंगच्या तीन मुली मिळून राहायला आल्या, रात्रपाळी करून सकाळी परतल्या, तर गल्ली काय बोलेल? पुण्यातल्या त्या घरमालकाचं वाक्य, ‘माझं काही नाही, लोकांना चालत नाही’, हे इथं उर्दूत आणि दखनीतही म्हणता येतं, आणि म्हटलं जातं. मला पुण्यात घर हवं असेल तर हिंगोलीत त्या मुलींना घर द्यायला लागेल.

शेवटचा भाग जनगणनेचा. तो थोडा रूक्ष आहे, पण आज इथून जाताना तेवढा तरी घेऊन जा.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची जनगणना २०२७ ची, संदर्भ तारीख १ मार्च २०२७, आणि या वेळी जातीचीही नोंद होणार. तोवर रेशनपासून नगरपालिकेच्या प्रभागांपर्यंत सगळा कारभार २०११ च्या आकड्यांवर चालतो. २०११ मध्ये पाचवीत असलेलं पोर आज नोकरी करतंय, सरकारच्या कागदावर ते अजून पाचवीतच आहे. या जनगणनेनंतर मतदारसंघांची फेररचना होऊ शकते. मागच्या वेळी काय झालं आठवा : २००१ च्या आकड्यांवरून रचना झाली, २००९ च्या निवडणुकीत ठाणे जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा १३ वरून २४ झाल्या, पालघर तेव्हा ठाण्यातच होतं. एकूण जागा २८८ च. म्हणजे तिकडं वाढल्या त्या कुठून तरी कमी झाल्या. आपल्या जिल्ह्याच्या तीन जागा आहेत : हिंगोली, वसमत, कळमनुरी. माणसं पुण्या-मुंबईत साठतात तशी त्यांच्या मागोमाग आमदारकीही तिकडं जाते, आणि आमदारामागून निधी.

यावर काहीजण म्हणतील, मग पुण्यातल्या पोरांची नावं इथं लिहू. तसं करू नका. जनगणना रेशनकार्ड नाही. माणूस नेहमी जिथं राहतो तिथं मोजायचा. पुण्यात राहणाऱ्यानं पुण्यातच नोंद करावी, पण जन्मस्थान, आधीचं राहण्याचं ठिकाण आणि तिथून निघण्याचं कारण हे प्रश्न येतील, तेव्हा ‘हिंगोली’ आणि ‘काम’ असं नीट सांगावं. आपल्या जिल्ह्यातून किती माणसं पोटासाठी गेली, हे त्याच रकान्यांतून कळतं. दुसरा मार्ग नाही. पोरं खोलीत सात-आठ जण राहतात, दिवसभर बाहेर असतात, प्रगणक कुलूप बघून परत जातो. या वेळी स्वतः ऑनलाइन माहिती भरायची सोय असणार आहे, तिचा उपयोग करा. आम्ही पुण्यातले काही हिंगोलीकर मिळून खोल्याखोल्यांत जाऊन ती भरून घेणार आहोत. फॉर्म भरता न येणारा इंजिनिअर मी पुष्कळ बघितलाय.

आणि इथं घरात असलेल्या बायकांबद्दल. प्रगणक दारात आला की बाहेरचं उत्तर पुरुष देतो : ‘बायको? ती काही करत नाही, घरीच असते.’ ती घरी बसून शिलाई करते, दुसऱ्याच्या साड्यांना फॉल-पिको करते, शेवया-पापड करून विकते. वर्षातले सहा महिने किंवा त्याहून जास्त असं काम करत असेल तर जनगणनेच्या भाषेत ती मुख्य कामगार आहे, कमी करत असेल तरी सीमांत कामगार आहेच. ‘काही करत नाही’ असं लिहिलं गेलं की तिच्यासाठी प्रशिक्षण नको, कर्ज नको, बाजार नको, असा त्याचा कागदोपत्री अर्थ होतो. भगिनींनो, प्रगणक आला तर तुम्ही स्वतः दारात या आणि स्वतःचं उत्तर स्वतः द्या. मातृभाषा घरात जी बोलता ती सांगा, उर्दू असेल तर उर्दू, मराठी असेल तर मराठी, दखनी असेल तर दखनी. जातीच्या रकान्यात ‘मुस्लिम’ सांगून थांबू नका. मुस्लिम हा धर्माच्या रकान्यातला शब्द आहे. पिंजारी असाल तर पिंजारी, मणियार असाल तर मणियार, बागवान असाल तर बागवान, जे आहे ते सांगा. त्यात कमीपणा वाटणाऱ्यांशी मी चहाच्या वेळी वाद घालायला तयार आहे.

आता प्रश्न घेऊ. पहिला प्रश्न मागे बसलेल्या मुलींकडून आला तर बरं होईल, मघापासून तिकडं काहीतरी कुजबुज चालू आहे.